गट नंबर १२/३ ची तारीख होते तेव्हा

अतिवृष्टीने सोयाबीन गेलं की दर्यापूर असो वा बाळापूर, पंचनाम्यानंतर मदतीची यादी तयार होते. एका शेतकऱ्याची एक ओळ: नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, आधार, खाते क्रमांक, आयएफएससी. पैसे निघतात ते या ओळीवरून. ती नेमकी कुठे बिघडते, ते रकान्या-रकान्याने पाहू.

एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात गट नंबर १२/३ टाकून एंटर दाबा. भारतीय सेटिंगवर तिथे १२ मार्च उमटेल. रकाना ‘टेक्स्ट’चा आहे हे आधी न सांगितल्यामुळे एक्सेलने आपल्या मनाने तारीख धरली. आता १६ अंकी खाते क्रमांक टाका. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. ७ ने संपणारं खातं ० ने संपतं. सुरुवातीचं शून्य तर मुकाट गळतं. मागाहून रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाची एक्सेलमध्ये तारीख व्हायची; शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

नीट बांधलेला फॉरमॅट कसा असतो, ते आयएफएससीत दिसतं. एकूण ११ चिन्हं: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. शून्याऐवजी ‘ओ’ टंकला, तर संगणक तिथेच अडवू शकतो. आधारचा बारावा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने निघतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही.

नावाला असा हिशेब नाही. ज्ञानेश्वर बँकेत इंग्रजी ‘डी’ने, आधारवर ‘जी’ने; कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. म्हणून जुळवणी क्रमांकावरून करायची आणि नाव माणसाने वाचायला ठेवायचं, हेही आधीच ठरलेलं बरं.

२०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज बँकांच्या माहितीशी जुळवता जुळवता याद्या रखडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकांनी ठरलेल्या नमुन्यात कर्जखात्यांची माहिती पोर्टलवर भरली आणि यादीत प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने आधार पडताळणी करून रक्कम मान्य आहे की नाही एवढंच सांगायचं होतं. माहिती भरण्याचं ओझं त्याच्या डोक्यावरून बँकेकडे गेलं.

फॉरमॅट ठरवताना खरं तर चूक कोणाच्या टेबलावर पकडली जाईल, तेच ठरतं. टंकणाऱ्यासमोर पकडली, तर मिनिटाचं काम. पैसे परत गेल्यावर कळली, तर शेतकऱ्याला बँक, तहसील आणि सेतू केंद्र अशा चकरा माराव्या लागतात, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत त्या परवडत नाहीत.