राणी, एलिससाहेब आणि आपली जीभ

आमच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोड आहे. भाजी, बँक, मुलांची शिकवणी, सगळं त्याच रस्त्यानं. नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा जो वकील असायचा, तो रेसिडेंट. त्याच्यावरून हे नाव पडलं. झाशीच्या कारभारावरही कंपनी सरकारचा असाच एक साहेब नजर ठेवून होता. मेजर एलिस. त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचायचं खरं तर काही कारण नव्हतं. पोचलं, ते झाशीच्या राणीच्या नावाला जोडून.

२००८ साली उत्तर प्रदेश सरकारनं जयश्री मिश्रा यांच्या 'रानी' या इंग्रजी कादंबरीवर बंदी घातली, कारण तिच्यात राणी आणि एलिस यांच्यात हळुवार काहीतरी दाखवलं होतं. २०१८ मध्ये 'मणिकर्णिका' सिनेमाचं शूटिंग चालू असताना राजस्थानातल्या एका संघटनेनं असाच संशय घेऊन आंदोलन केलं. निर्मात्यांना सांगावं लागलं की बाबांनो, तसं यात काहीही नाही. त्याच्याही आधी, १९७५ च्या 'फ्लॅशमन' मालिकेतल्या एका इंग्रजी कादंबरीत तर लेखकानं आपला काल्पनिक गोरा नायक थेट राणीच्या महालात नेऊन सोडला होता.

आता मैत्रिणींनो, एलिसनं केलं काय होतं? गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले. आदल्या दिवशी त्यांनी पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदर ठेवलं. एलिसनं वरिष्ठांना लिहिलं, की ओरछा संस्थानाला दत्तक घेऊ दिला, मग झाशीला का नाही? दोन्हींच्या तहांत तसा फरक दिसत नाही. झालं. एका अधिकाऱ्यानं एका विधवेच्या बाजूनं रास्त मत दिलं, एवढ्यावर पुढच्यांनी प्रेमकथा उभी केली. त्याचा वरिष्ठ माल्कम दत्तकाच्या विरोधात होता. पण राणीचं वागणं उत्तम आहे, लोक त्यांना फार मानतात, असं त्यानंही लिहून ठेवलं. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिली नाही!

आपल्या नागपूरचंच बघा. रघुजी तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं हेही राज्य गिळलं. वाड्यातले दागिने, हत्ती-घोडे लिलावात निघाले. म्हाताऱ्या बाकाबाईसाहेब दत्तकासाठी भांडत राहिल्या. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यांनी नागपूर खालसा करायला लेखी विरोध केला. आता लो यांचं बाकाबाईंवर मन होतं, असं कुणी म्हणतं का? बाकाबाई सत्तरी ओलांडलेल्या. लक्ष्मीबाईंचं जन्मसाल कुणी १८३५ देतात, कुणी १८२८. म्हणजे विधवा झाल्या तेव्हा वय अठरा नाहीतर पंचवीस. फरक तेवढाच.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. गॉर्डन ऑलपोर्ट हे नाव तेव्हा पाठ केलं होतं, कारण माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा शास्त्रशुद्ध अभ्यास रुळवणाऱ्यांत ते एक. याच ऑलपोर्ट यांनी लिओ पोस्टमन यांच्यासोबत १९४७ मध्ये अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की अफवेचा जोर म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. विषय लोकांना किती महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलची माहिती किती धूसर आहे. दोन्हींतलं एक शून्य झालं की अफवा संपली. राणीच्या बाबतीत दोन्ही भरपूर. राज्य मोठं आणि मधे पडदा. पडद्याआड काय बोलणं झालं हे दिसत नाही म्हटल्यावर ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं तिथं चिकटवलं. स्वतःच्या मनातलं दुसऱ्यावर लादणं, याला मानसशास्त्रात प्रक्षेपण म्हणतात.

तो पडदा एकदा सरकलाही होता. जॉन लँग नावाचे वकील १८५४ मध्ये राणीच्या बोलावण्यावरून झाशीला गेले. बोलणं चालू असताना लहानग्या दामोदरनं पडदा बाजूला ओढला. लँग यांनी काय पाहिलं ते लिहून ठेवलंय. मध्यम बांधा, सुंदर डोळे, पांढरं वस्त्र, कानातल्याखेरीज दागिना नाही. आवाज मात्र त्यांना आवडला नाही, तेही प्रामाणिकपणे लिहिलं. आणि बोलणं कशाचं? झाशीचं, तहाचं, दत्तकाचं. अंगावर वैधव्य, डोक्यावर गेलेलं राज्य आणि समोर वकील. त्या बाईनं दुसरं काय बोलावं?

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. कोकणातले हे भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. राणीचा दिनक्रम त्यांनी सांगितलाय. पहाटे उठणं, व्यायाम, घोडा, मग निवांत स्नान (त्याची त्यांना भारी हौस), पूजा आणि दरबार. मला यात शिस्तीची, आपल्या मनावर आपलाच लगाम असलेली बाई दिसते. हौस आहे, पण वेळेवर. आई लहानपणीच गेली. बिठूरला पेशव्यांच्या वाड्यात नानासाहेबांसारख्या मुलांच्या संगतीत वाढल्या. पुरुषांत वावरायची सवय ज्या मुलीला लहानपणापासून असते, तिला समोरच्या पुरुषाचं अप्रूप नसतं आणि भीतीही नसते. त्याच्याशी कामाचं बोलता येतं. असं सरळ बोलणंच बघणाऱ्याला खुपतं, हा माझा अनुभव.

काल्पीच्या वाटेवर हेच गोडसे एका विहिरीवर होते. हरून निघालेल्या राणी तहानेल्या तिथं आल्या. भटजी पाणी काढू लागले तर, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, असं म्हणून राणींनी स्वतः पोहरा ओढला आणि ओंजळीनं पाणी प्यायल्या. इतक्या पडत्या काळातही दुसऱ्याला काम सांगायचं नाही. अशा स्वभावाची बाई एलिसच्या आधारानं उभी होती म्हणणं मला तरी पटत नाही.

पण एक सांगते. माझा राग प्रेमावर नाही. एखाद्या तरुण विधवेचं मन कुणावर जडलं असतं, तर तिची तलवार बोथट झाली असती का? एलिसच्या गोष्टीला पुरावा नाही म्हणून ती खोटी, एवढंच माझं म्हणणं. बंदी घालणारे आणि चहाडी करणारे, दोघंही बाईची किंमत एकाच ठिकाणी मोजतात. म्हणून मला दोघंही सारखेच वाटतात.

हे सगळं आठवायला कारण झाली आमच्या बचत गटातली एक जण. बत्तीस वर्षांची, नवरा अपघातात गेलेला, दोन लेकरं. निराधार योजनेच्या कागदांसाठी एका कार्यालयात चकरा मारत होती. तिथल्या बाबूनं अर्ज नीट समजावून सांगितला, एवढंच. दोन-तीनदा ती त्याच्या टेबलाशी दिसली आणि गल्लीत सुरू, "काहून जाते वो ही रोज रोज?" हे बोलणाऱ्या बायाच होत्या, पुरुष नव्हेत. ती जायची बंद झाली. सासऱ्यांना पाठवलं, त्यांनी चुकीचा दाखला नेला. अर्ज परत आला आणि नऊ महिने गेले.

गटाच्या बैठकीत मी राणी आणि एलिसची गोष्ट सांगितली. कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यात बसलेली एक आजी म्हणाली, "सोमवारी मी जातो तिच्यासंग, पाहू कोण काय म्हणते." दोघी गेल्या. नवा दाखला जोडला. बाबूनं पोच दिली, ती तिनं पिशवीत घडी घालून ठेवलीय.