हायलँडांतील तीन स्थळें

स्कॉटलंड म्हटलें कीं डोंगर, सरोवरें व धुकें हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. आमचीहि कल्पना याहून निराळी नव्हती. गेल्या ज्येष्ठांत आमच्या चिरंजीवांनीं आम्हां उभयतांस मोटारींतून तो प्रांत दाखविला. परंतु वनशोभेपेक्षां तेथील तीन स्थळांनींच आम्हांस अधिक विचारांत पाडलें.

स्टर्लिंगचा गड मागें टाकून वायव्येस निघालें म्हणजे हायलँडचा डोंगराळ मुलूख लागतो. त्यांतील पहिलें स्थळ ग्लेनकोची दरी. दोहों बाजूंस उंच कडे, मधून अरुंद वाट. येथील मॅकडोनाल्ड कुळाच्या नायकास राजनिष्ठेची शपथ घेण्यास थोडक्या दिवसांचा उशीर झाला, एवढेंच निमित्त! सरकारी शिपाई सुमारें बारा दिवस या लोकांच्या घरीं पाहुणे म्हणून राहिले, आणि १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहांटे त्यांनीं यजमानांवरच शस्त्र चालविलें. सुमारें ३८ माणसें मारलीं गेलीं. पळालेलीं कित्येक बायकामुलें थंडीनें गारठून मेलीं. खाल्ल्या अन्नाशीं अशी बेइमानी ऐकून आम्हांस त्या दरींत फार वेळ थांबवेना.

पुढें नेस सरोवराच्या कांठानें इन्व्हर्नेसवरून कलोडनच्या माळावर आलों. पानिपताच्या पंधरा वर्षें आधीं, १६ एप्रिल १७४६ रोजीं, राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टच्या सैन्याचा येथें तासाभराच्या आंत मोड झाला. मग हायलँडरांचा वेष देखील कायद्यानें बंद झाला. ती बंदी १७८२ सालीं उठली. माळावर १८८१ सालीं बसविलेले दगड आहेत. त्यांवर पडलेल्यांच्या कुळांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आमच्या नातीनें तीं एकेक करून मोठ्यानें वाचलीं.

तिसरें स्थळ जवळच, समुद्रकांठचा फोर्ट जॉर्ज. याच लोकांस धाकांत ठेवण्यासाठीं बांधलेला हा किल्ला १७६९ सालीं पुरा झाला. तेथील पलटणींच्या संग्रहालयांत एका बिल्ल्यावर आमची दृष्टि खिळली. त्यावर हत्ती होता, आणि अक्षरें होतीं 'असई'! जिंकलेल्या कुळांतील तरुणांस सरकारनें पुढें आपल्याच पलटणींत घेतलें. त्यांतील ७४ वी व ७८ वी या हायलँडर पलटणी २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढल्या. "असईस इंग्रजांनीं मराठ्यांचा पराभव केला," हें वाक्य आम्हीं तीस वर्षें वर्गांत सांगितलें. ते 'इंग्रज' कोण, हें एकदांहि पाहिलें नाहीं. ज्यांच्या आजांचा कलोडनास चुराडा झाला, त्यांचेच नातू जेत्याचा झेंडा घेऊन आमच्या दारीं आले होते!

इतक्यांत नातीनें विचारलें, "आजोबा, आपल्या बाजूच्या माणसांचीं नांवें कुठें लिहिलीं आहेत?"

आम्हांस एकहि नांव सांगतां आलें नाहीं. असई आमच्याच जालना जिल्ह्यांत. पण सातां समुद्रांपलीकडचें रणांगण पाहिलें, आणि तें मात्र राहून गेलें. येत्या मार्गशीर्षांत नात इकडे येणार आहे. तेव्हां प्रथम असईस जावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे.