एकशे पस्तीस मिलिमीटर

पहाटेचे साडेपाच. ससून डॉकला होड्या लागल्यात, टोपल्या उपड्या होताहेत, लिलावाचा आवाज चढलाय. त्या गदारोळात एक तरुण उकिडवा बसून पट्टीवर एकेक मासा ठेवतो, आकडा लिहितो आणि पुढचा उचलतो. विकत काहीच घेत नाही. तांडेलाला मात्र विचारत राहतो : किती दिवस बाहेर होता, किती वेळा जाळं मारलं, किती वाव पाण्यात? शेजारची कोळीण हसते, "मोजून म्हावरा वाढतो काय रे?"

वाढत नाही. पण न मोजता तो कमी झाल्याचंही कळत नाही, कारण समुद्रात उतरून शिरगणती करता येत नाही. म्हणून १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था बंदरांवर असेच नमुने घेते. ठरावीक दिवस, ठरावीक बंदरं, त्यातल्या काही होड्या, आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज. शितावरून भाताची परीक्षा आपण घरी करतोच. इथे फक्त शितं कशी निवडायची याचं गणित पक्कं असावं लागतं.

लांबी मोजून झाली की काही मासे प्रयोगशाळेत चिरले जातात. तिथे पाहायची असते गाभोळी. खवय्याला ती तव्यावर हवी, शास्त्रज्ञाला ती कुठल्या लांबीच्या माशात, कुठल्या महिन्यात भरते ते हवं. हजारो मासे असे पाहिले की त्या जातीचा मासा साधारण कुठल्या लांबीला वयात येतो ते कळतं. त्याआधी पकडला, तर त्याला एकदाही अंडी घालायची संधी मिळालेली नसते.

याच अभ्यासातून नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच्या दोनच महिने आधी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला होता. केरळने हा रस्ता २०१५ मध्येच धरला होता.

कागदावर हे छान दिसतं. अडचण जाळ्यात आहे. डोल जाळं म्हणजे खुंटांना बांधलेली लांबलचक पिशवी. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि येईल ते शेपटाकडच्या खोळीत साठतं. बोंबील, जवळा, मांदेली, आणि त्यांच्यात पापलेटची पिल्लं, म्हणजे पालघरकडे ज्यांना कावलेट म्हणतात ती. जाळं वर येईपर्यंत त्यातली बरीचशी मेलेली असतात. नियम मासा जातवार मोजतो, जाळं जात विचारत नाही. मेलेलं पिल्लू परत पाण्यात टाकून काय साधणार, हा कोळ्याचा सवाल मला तरी खोडता येत नाही.

म्हणून मला वाटतं, पट्टी माशाआधी जाळ्याच्या आसाला, म्हणजे विणीतल्या भोकाला, लावायला हवी. ट्रॉलरच्या जाळ्याचं शेपूट नेहमीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसांचं असेल, तर ओढ बसताच आस मिटतात आणि बारीक मासाही आत अडकतो. चौकोनी आस ताणाखालीही उघडे राहतात, पिल्लं निसटतात. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था अशी जाळी वर्षानुवर्षं पुढे करते आहे. पण निसटलेलं पिल्लू म्हणजे आजचा बुडालेला पैसा, आणि शेजारची होडी जुनंच जाळं ओढत असेल तर आपणच का सोसायचं?

त्यातून हद्दींचा घोळ. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, पुढे केंद्राचा. वेळेचाही वाद आहेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. ती नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी पालघरचे मच्छीमारच करत आलेत. पौर्णिमेच्या पूजेआधी होडी लोटायची नाही ही रीत त्यांच्याकडे कुठल्याही अधिसूचनेच्या आधीपासून होती. शास्त्र कधीकधी आजोबांचं म्हणणं आकड्यांत मांडून आणतं, एवढंच.

आणि गिऱ्हाईक? ताटात अख्खा मावतो म्हणून लहान पापलेट आपणच मागतो. गेल्या महिन्यात बाजारात मी खिशातलं बॉलपेन काढून एका वाट्याशेजारी धरलं. पेन साधारण १४५ मिलिमीटरचं. मासे त्याहून चांगले दोन बोटं कमी भरले. मावशी माझ्याकडे बघत होती.

"घ्यायचेत काय? नाहीतर पेन उचल, वास लागंल."