विजेच्या गाडीचा रात्रीचा मुक्काम

पेट्रोलच्या गाडीविषयी पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "किती देते?" हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेली विजेची गाडी दारात दिसली की तोच प्रश्न किंचित बदलून येतो: "एकदा चार्ज केली की किती जाते?" प्रश्न रास्त आहे आणि विक्रेत्याकडे त्याचे छापील उत्तरही तयार असते. मात्र अशी गाडी काही वर्षे घरात वावरल्यावर माझ्या मते विचारण्याजोगा पहिला प्रश्न निराळा आहे. गाडी रात्री कुठे उभी असते, आणि तिथून आपल्या मीटरपर्यंत तार पोहोचते का? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे त्यांना विजेची गाडी अतिशय सुखाची. ज्यांच्यापाशी नाही त्यांना तीच गाडी रोजची विवंचना.

आमची गाडी नेक्सॉन, 2020 च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पहिल्या आवृत्तीतील. तिची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत तीस युनिटांची. चाचणीत नोंदवलेले अंतर 312 किलोमीटर. पुण्याची रहदारी, उन्हाळ्यातील वातानुकूलन आणि चार माणसांचे वजन धरून आम्हांला दोनशेच्या आसपास मिळते. एका युनिटात साडेसहा किलोमीटर हा हिशोब डोक्यात पक्का बसला की उरलेले सारे गणित सोपे होते. दिवसाकाठी चाळीस किलोमीटरची धावपळ झाली तर सहा युनिटे खर्च होतात. गीझरला लावतो तसल्याच पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिटे भरली जातात, म्हणजे दोन तासांत झालेला खर्च भरून निघतो. रात्री जेवणे आटोपल्यावर प्लग लावावा आणि सकाळी काढावा, एवढेच. पेट्रोलपंपावरची रांग आठवणीतूनही जाते.

वीजबिलाची एक गोष्ट मात्र विक्रेता सहसा सांगत नाही. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला दीडशे युनिटे लागतात; चार्जिंगमधील गळती धरली की मीटरवर ती पावणेदोनशेच्या घरात दिसतात. महावितरणचे घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. ज्या घरात महिन्याला दोनशे युनिटे लागत होती, ते घर गाडीमुळे तीनशेची सीमा ओलांडते आणि वरची युनिटे महागड्या टप्प्यातील दराने येतात. तरीही पेट्रोलच्या मानाने खर्च पुष्कळ कमीच राहतो. परंतु विजेच्या वाहनांसाठी वेगळी दरश्रेणी असून तिच्यासाठी स्वतंत्र मीटर मागता येतो, हे ठाऊक असलेले बरे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. सांगलीजवळच्या गावी आमचा जुना वाडा आहे. तिथे पहिल्यांदा प्लग लावला तेव्हा चार्जरवर तांबडा दिवा लागला आणि गाडीने वीज घ्यायला साफ नकार दिला. भिंतीतील सॉकेटला तीन भोके होती, पण तिसऱ्या भोकामागे जमिनीपर्यंत काहीच पोहोचत नव्हते. त्याच जोडणीवर फ्रीज वर्षानुवर्षे चालला होता, कपडे धुण्याचे यंत्र चालले होते, आणि ओल्या हातांनी त्यांना स्पर्शही होत होता! वायरमनने अंगणात खड्डा घेतला, त्यात पट्टी पुरली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, पाणी ओतले. तासाभरात दिवा हिरवा झाला. गाडीच्या निमित्ताने घर सुरक्षित झाले, असे मामंजी अजूनही प्रत्येकाला सांगतात. आपल्याकडील कितीतरी जुन्या घरांची आणि धर्मशाळांची हीच स्थिती असेल. मुक्कामी विजेची गाडी घेऊन जाणार असाल तर सोय आहे का, एवढे विचारणे पुरेसे नाही. अर्थिंग तपासले आहे का, हेही विचारावे.

गावचा रस्ता पुण्याहून सुमारे 235 किलोमीटरचा. आमची बॅटरी एका दमात तेवढी जात नाही, म्हणून साताऱ्याच्या आसपास एक थांबा घ्यावाच लागतो. महामार्गावरील चार्जर थेट डीसी वीज देतात. घरच्या सॉकेटमधील एसी वीज गाडीतील छोट्या यंत्राला आधी बदलून घ्यावी लागते, म्हणून तिथे रात्र लागते. इथे तो टप्पाच नसल्याने पाऊण तासात काम भागते. ऐंशी टक्क्यांनंतर मात्र बॅटरी जपून, हळूहळू वीज घेऊ लागते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी ताटकळत बसणे म्हणजे मागच्या गाडीचा वेळ खाणे. शहाण्याने ऐंशीवर प्लग काढावा.

या थांब्याने आमच्या प्रवासाचे वेळापत्रकच बदलले. मामंजी आणि सासूबाई सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. पूर्वी डिसेंबरात दुपारी उशिरा निघालो की जेवणासाठी गाडी कुठे थांबवायची, यावरून घाई आणि कुरबुर होई. आता निघण्याची वेळच अशी ठरवतो की साताऱ्याचा थांबा साडेचार-पाचच्या सुमारास पडावा. गाडी वीज घेते आणि आम्ही डब्यातील दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतो. दोघांचेही पोट एकदमच भरते. कुंभोजच्या बाहुबलीला जातानाही हाच क्रम असतो. मुलांना तर हा थांबाच सहल वाटतो.

सगळेच थांबे इतके गोड नसतात. एकदा ॲपवर चार्जर चालू दिसत होता आणि प्रत्यक्षात त्याचा पडदा काळा होता. दुसऱ्या वेळी चार्जर ठीक होता, पण त्याच्या जागेवर पेट्रोलची गाडी उभी करून मालक जेवायला गेले होते. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की बॅटरी चाळीस टक्क्यांवर असतानाच थांबायचे, म्हणजे पहिला चार्जर बंद निघाला तरी पुढच्यापर्यंत पोहोचता येते. बाहेरची वीज पुष्कळदा घरच्यापेक्षा दुपटीहून महाग पडते, हेही लक्षात ठेवावे. जो माणूस केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर विजेची गाडी घेईल, त्याची बचत बरीचशी तिथेच संपते.

वेगाचेही तसेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेले तर तो दीडपटीहून अधिक होतो आणि बॅटरीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. घाटाचे गणित मात्र जरा मजेदार आहे. मुंबईहून पुण्याला येताना खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर चढावे लागते. माणसांसह सतराशे किलोची गाडी तेवढ्या उंचीवर न्यायला नेहमीच्या खर्चाखेरीज सुमारे अडीच युनिटे लागतात, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरचे अंतर घाट खाऊन टाकतो. उलट उतरताना मोटारच जनित्र बनते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वीज बॅटरीत परत येते. बोरघाट उतरल्यावर टक्का वाढलेला पाहून आमच्या धाकट्याला वाटले, गाडी बिघडली! आणखी एक: 2025 च्या ऑगस्टपासून मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना टोल माफ झाला आहे. साताऱ्याकडचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्याने तिथे तो भरावाच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बंगला असेल तर वायरमनला बोलावले की काम झाले. सोसायटीत राहणाऱ्याला मात्र आधी शेजाऱ्यांना बोलवावे लागते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालकाला आपल्या घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. कागदावर अडचण नाही. प्रत्यक्षात मीटरची खोली एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असते. तार कुणाच्या तरी जागेवरून न्यावी लागते, कुणाच्या तरी भिंतीला भोक पाडावे लागते. सभेत मग आगीचा विषय निघतो. आगीची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, परंतु तिचा रोख चुकतो. अधिक धोका असतो तो खिडकीतून खाली सोडलेल्या तकलादू एक्स्टेंशन बोर्डाचा. सोसायटीने रीतसर परवानगी नाकारली की लोक नेमका तोच मार्ग धरतात.

आमच्या सोसायटीत पहिल्या तिघांना परवानगी सहज मिळाली. ज्याला हवी त्याने आपली तार ओढून घेतली. चौथ्या-पाचव्या अर्जापर्यंत मीटरच्या खोलीत तारांचे जाळे झाले आणि सहाव्याला उत्तर मिळाले, की इमारतीचा मंजूर भार संपत आला आहे. आता भार वाढवून घ्यावा लागेल आणि तो खर्च अर्जदाराने सोसावा. म्हणजे जे आधी आले त्यांनी सामायिक क्षमता फुकट वापरली आणि जे मागून आले त्यांच्या माथी सगळा खर्च! हे मला अन्यायाचे वाटते, आणि मी त्या पहिल्या तिघांपैकीच असल्याने सभेत तसे बोलणे अधिकच गरजेचे होते. भार वाढवण्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, एकच जाड मुख्य तार पार्किंगभर फिरवावी, तिला जागोजागी उपमीटर लावावेत, आणि रात्री सगळ्या गाड्यांनी एकदम वीज न ओढता आळीपाळीने घ्यावी अशी यंत्रणा बसवावी, हा मार्ग पुष्कळ स्वस्त पडतो. एका गाडीला रोज दोन-तीन तासच लागत असल्यामुळे रात्रीच्या आठ-नऊ तासांत तीन गाड्या एकाच वाट्यावर भागतात. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा ज्येष्ठांनी मात्र विचारले, "आम्ही का द्यावे?" त्यांचा प्रश्न वाजवी होता. त्यांच्यासाठी वर्गणीऐवजी पुढे जोडणी घेणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घ्यावे, असे अखेरीस ठरले. या निर्णयाला तीन सभा लागल्या.

या तीन सभांच्या काळात दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरू कुटुंब ताटकळले. त्यांना विजेची गाडी हवी होती. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने तार ओढायची आणि अकरा महिन्यांनी घर सोडताना ती भिंतीतच ठेवून जायची, हे त्यांना परवडणारे नव्हते. घरमालकाला त्यात रस नव्हता. त्यांनी शेवटी हायब्रिड गाडी घेतली आणि सोसायटीतील काहींनी "अर्धवट काम केले" म्हणून नाक मुरडले. ते मला पटले नाही.

हायब्रिड या शब्दाखाली बाजारात बरेच काही खपते. काही गाड्यांत बॅटरी इंजिनाला केवळ हातभार लावते; एकटी ती चाक फिरवू शकत नाही. खऱ्या अर्थाने हायब्रिड म्हणावी अशा ग्रँड विटारासारख्या गाडीत पाऊण युनिटाचीच बॅटरी असते, परंतु सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या संथ रहदारीत गाडी बराच वेळ तिच्यावर चालते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती पुन्हा साठवते. तिला प्लग नसतो. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते, फक्त ती काटकसरीने खर्च होते. शहरातील गर्दीत तिचा फायदा सर्वाधिक. मोकळ्या महामार्गावर एका वेगाने धावताना तो बराच घटतो.

धुराचा हिशोब मांडला तर आणखी नवल वाटते. आपल्या वाचकांना हिंसेचा हिशोब सूक्ष्मपणे मांडण्याची सवय आहे, म्हणून हेही मांडून पाहू. देशातील जवळजवळ पाऊण वीज आजही कोळशापासून येते. आमच्या गाडीच्या मागे धूर नसला तरी चंद्रपूरच्या चिमणीतून तो निघतच असतो. सरासरीने एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरला मीटरवर सतरा युनिटे, म्हणजे बारा किलो. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला पंधरा किलो सोडते, कारण एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो वायू निघतो. लिटरला बावीस देणारी हायब्रिड? साडेदहा किलो. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या माझ्या गाडीपेक्षाही कमी!

या आकड्यांत पेट्रोल शुद्ध करण्याचा खर्च नाही आणि मोठी बॅटरी घडवण्याचाही नाही. विजेच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे: शाळेच्या फाटकाशी मुलांच्या नाकाच्या उंचीवर धूर सुटत नाही, आणि जसजशी सौरवीज वाढेल तसतशी हीच जुनी गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल, जे पेट्रोलच्या गाडीला शक्य नाही. छतावर सौरपट्ट्या असतील तर आजच चित्र पालटते. गंमत अशी, की सूर्य डोक्यावर असतो तेव्हा नोकरदारांच्या गाड्या कचेरीच्या आवारात असतात. दिवसा घरी असते ती निवृत्तांची गाडी. मामंजी आता दुपारी बारा ते दोन या वेळेतच प्लग लावतात आणि मीटर उलटा जातो की नाही, ते स्वतः खाली जाऊन पाहून येतात.

सामायिक तारेचे काम गेल्या महिन्यात पूर्ण झाले. भाडेकरू कुटुंबाच्या पार्किंगलगतच्या खांबावरही सॉकेट बसले आहे. त्यांच्या गाडीला ते निरुपयोगी. सध्या त्यावर त्यांच्या मुलीची विजेची स्कूटर चार्ज होते, आणि रात्री दहानंतर पलीकडच्या खांबावरील आमची गाडी.