जात्यावरील ओव्या (बीड जिल्हा)

जात्यावरील ओव्या ही महाराष्ट्रातील स्त्रियांनी दळण दळताना गायिलेली मौखिक परंपरेतील लोकगीते होत. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात, माजलगाव येथे, या गायनाचे महत्त्वाचे ध्वनिमुद्रण झाले आहे. या गायनाला व्यासपीठ, वाद्य वा वेगळा श्रोतृवर्ग लागत नाही. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या स्त्रिया त्याच असतात. त्यामुळे काव्यप्रकार म्हणून ओवीचे जेवढे महत्त्व आहे, तेवढेच स्त्रियांना परस्परांशी जोडणारी सामाजिक प्रथा म्हणूनही आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळतो. मराठी ग्रंथकारांनीही ओवी हा छंद स्वीकारला. अंबाजोगाई येथे समाधी असलेले मुकुंदराज यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ ओवीबद्ध आहे. मात्र ग्रंथातील ओवी साधारणतः चार चरणांची असते, तर जात्यावरील ओवी बहुधा दोन ओळींची व यमकयुक्त असते. तिच्या ओळींची लांबी लवचीक असून, गाताना 'सये', 'बाई' यांसारखी संबोधने घालून ती चालीत बसवली जाते.

गायनाची पद्धत

दळण प्रायः पहाटे, घरातील इतर माणसे उठण्यापूर्वी केले जाई. दोन स्त्रिया समोरासमोर बसून एकच खुंटा धरत आणि जाते ओढत. अधूनमधून त्यांपैकी एक जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालत असे. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती उचलावी किंवा आपल्या ओवीने तिला उत्तर द्यावे, अशी रीत होती. जात्याच्या फेऱ्यांमुळे गाण्याला लय मिळे आणि गाण्यामुळे श्रम सुसह्य होत. स्वर चुकला वा शब्द बदलला, तरी त्यास दोष मानला जात नसे.

माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पाऊसपाणी आणि पंढरीचा विठ्ठल हे ओव्यांचे नेहमीचे विषय होत. उघडपणे बोलता न येणारे दुःख ओवीतून सांगता येई. नवी सून माहेरच्या ओव्या सासरी आणी आणि सासूकडून तेथील ओव्या शिके; अशा रीतीने ओव्या गावोगावी पसरत. सोबतीने दळणाऱ्या स्त्रिया बहुधा घरातील वा शेजारच्या असल्यामुळे हा स्नेहबंध प्रामुख्याने आपापल्या वस्तीपुरता राही.

माजलगाव येथील ओव्या

हेमा राईरकर व गी पॉइतवँ या पुण्यातील अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातील ओव्यांच्या संकलनाचा प्रकल्प उभारला. त्यात १,००,००० हून अधिक ओव्या संकलित झाल्या. पुढे संगीत-संशोधक बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण व वर्गीकरणाच्या कामात सहभाग घेतला. २०१७पासून हा संग्रह 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहे.

या प्रकल्पांतर्गत १९९६ साली माजलगाव येथील भीमनगर या दलित वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्यावरील ओव्यांना विशेष स्थान आहे. बाबासाहेबांचा उल्लेख या ओव्यांत घरच्या माणसाच्या जिव्हाळ्याने येतो. आंबेडकरी चळवळीचा आशय अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनीही आपल्या परिचित चालींत कसा बसवला, हे या संग्रहातून दिसते. जुन्या गीतप्रकारातून वस्तीने आपली नवी ओळख व्यक्त केल्याचे हे उदाहरण आहे.

ऱ्हास व सद्यःस्थिती

पिठाच्या गिरण्या आल्यानंतर हातजात्याचा नित्य वापर मागे पडला. जाते ओढणे कष्टाचे असल्याने गिरणीमुळे स्त्रियांची मोठी सुटका झाली. परंतु त्याचबरोबर त्यांचा एकत्र बसून गाण्याचा रोजचा प्रसंगही संपला. लग्नापूर्वी जात्यावर हळद दळताना गाणी म्हणण्याची प्रथा काही ठिकाणी टिकून आहे.

साने गुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा ग्रंथ, सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले लोकसाहित्य आणि वरील ध्वनिमुद्रणे यांमुळे अनेक ओव्यांचे शब्द जतन झाले असून ध्वनिमुद्रणांमुळे त्यांच्या चालीही उपलब्ध आहेत. तथापि एकीच्या ओवीला दुसरीने आयत्या वेळी दिलेले उत्तर हा या परंपरेचा गाभा होय. तो टिकण्यासाठी संग्रहाबरोबरच एकत्र गाण्याचे प्रसंगही आवश्यक ठरतात.