जुन्या पणजीचे छायाचित्र टिपताना

पावसाळा सरला, की पणजीतील जुन्या घरांच्या भिंतींना पुन्हा रंग चढू लागतो आणि त्याच सुमारास फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्यांतून कॅमेरे घेतलेल्या माणसांची वर्दळही वाढते. पिवळ्या वा निळ्या भिंतीपुढे कोणीतरी उभे राहते, छायाचित्र निघते आणि मंडळी पुढे सरकतात. घर मात्र कोणी पाहिलेले नसते. वास्तविक वास्तूचे छायाचित्र ही तिची नोंद असते. उद्या एखादे छप्पर कोसळले किंवा जुनी खिडकी जाऊन तेथे ॲल्युमिनियमची चौकट आली, तर मूळ रूप कसे होते हे सांगणारा पुरावा एखाद्या हौशी माणसाने टिपलेले चित्रच असू शकते. म्हणून कॅमेरा उचलण्याआधी वास्तू वाचता येणे अगत्याचे आहे.

वाचनाचा आरंभ भिंतीपासून करावा. गोव्यातील बहुतेक जुनी घरे चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. यासाठीच त्यावर चुन्याचा गिलावा करून दर पावसाळ्यानंतर रंग देण्याची प्रथा पडली. चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते, सिमेंटमध्ये ती कोंडते. जोत्याजवळ रंगाचे पोपडे सुटलेले दिसले, तर ते केवळ विद्रूप म्हणून चौकटीबाहेर ठेवू नयेत. घराचे दुखणे तेथेच नोंदलेले असते. रंगांनाही इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्च आणि चॅपेलांसाठी राखून ठेवण्याचा संकेत होता. घरांचे पिवळे, निळे, तांबडे रंग त्याचीच आठवण देतात.

नंतर दृष्टी खिडक्यांकडे वळवावी. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या आढळतात. उन्हाची धग अडवून मंद उजेड आत सोडण्याची ही युक्ती बाहेरून उमगत नाही. घरमालकाने आत येऊ दिले, तर अशी खिडकी आतून, उजेडाकडे तोंड करून टिपावी. ख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक घरांना रस्त्याकडे तोंड असलेले बाल्कांव असते. बसायला सोपे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची जागा. उलट हिंदूंच्या जुन्या मोठ्या घरांचे हृदय म्हणजे आतले राजांगण आणि त्यातील तुळशीवृंदावन. रस्त्यावरून साधे वाटणारे घर आतून किती विस्तीर्ण असेल, हे दर्शनी भागाच्या चित्रावरून कळत नाही.

प्रकाशाचे गणितही समजून घ्यावे. पणजी मांडवीच्या दक्षिण तीरावर वसलेली असल्याने नदीकडे पाहणाऱ्या वास्तूंची तोंडे उत्तरेला आहेत. मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. एरवी तो दक्षिणेकडे असतो आणि हिवाळ्यात तर हे दर्शनी भाग दिवसभर सावलीतच राहतात. जुन्या सचिवालयाचे, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याचे, चित्र हिवाळ्यात का मलूल येते याचे उत्तर येथे सापडते. पश्चिमाभिमुख इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च मात्र उतरत्या उन्हात उजळून निघते. कोरीवकाम आणि खिडक्यांच्या तपशिलासाठी ढगाळ दिवसाचा सम प्रकाश उत्तम; त्यात गडद सावल्या पडत नाहीत.

उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर कलंडवला, तर भिंती माथ्याशी एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. त्यापेक्षा मागे सरावे किंवा समोरच्या सज्जातून कॅमेरा समपातळीत धरावा. आधी शेजारच्या घरांसह संपूर्ण वास्तू, मग कोपरा, दार, खिडकी, छपराची पागोळी आणि शेवटी जोते, असा क्रम ठेवला, तर काही सुटत नाही.

सार्वजनिक वास्तूंबाबतही हेच. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, त्या काळाच्या खुणा पावलोपावली आहेत. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या चित्रफरशांवर कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या महाकाव्यातील प्रसंग आहेत. सचिवालयालगतचा आबे फारियांचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवला आहे. चर्चमधील मोठी घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठातून आलेली आहे. मठ कोसळला, घंटा उरली. ती पाहताना त्या मठाचीही आठवण व्हावी.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. फोंतेन्हास म्हणजे चित्रपटाचा देखावा नव्हे. तेथे माणसे राहतात. कोणाच्या पायरीवर बसणे, उघड्या खिडकीतून आत कॅमेरा रोखणे, दारापुढे तासभर ठाण मांडणे यांमुळे तेथील रहिवासी त्रासले आहेत. दारात माणूस दिसला, तर आधी विचारावे, नकार मिळाला तर तो मानावा आणि होकार मिळाला तर निघताना ‘देव बरें करूं’ म्हणावे. घर जपण्याचा खर्च आणि कष्ट त्याचे असतात, आपले नव्हेत.

घरी परतल्यावर चित्रासोबत तारीख, वाडा आणि दिशा लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी, पावसाळ्यानंतर, त्याच जागेवरून पुन्हा एक चित्र घ्यावे. दहा वर्षांची अशी दहा चित्रे शेजारी मांडली, तर कोणत्या भिंतीत ओल चढते आहे आणि कोणते कौल केव्हा ढळले, हे दिसू लागेल. ती चित्रे घरमालकालाही द्यावीत. डागडुजी करणाऱ्या गवंड्याच्या हाती ती पडली, तर तुमच्या छंदाने एका घराचे आयुष्य वाढवलेले असेल.