फ्लोरिडाचे सस्तन प्राणी: मूळचे कोण, बाहेरचे कोण?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लेखी भाग. बोलताना मी जरा इकडेतिकडे जाते, लिहिताना ते आवरलं आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करूया. जंगलात मोकळं फिरणारं सांबर बघायचं असेल तर कुठे जाल? तुम्ही म्हणाल ताडोबा, मेळघाट, नागझिरा. बरोबरच आहे. पण अमेरिकेच्या आग्नेय टोकाला, फ्लोरिडा राज्यातही एक ठिकाण आहे. राज्याच्या वायव्य किनाऱ्याजवळ, अपलाचिकोला उपसागराच्या तोंडाशी सेंट व्हिन्सेंट नावाचं बेट आहे. तिथल्या दलदलीत आपलं सांबर आरामात चरत असतं. आपलं म्हणजे खरोखर आपलंच, दक्षिण आशियातलं.

ते तिथे गेलं कसं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट डॉ. रे पिअर्स नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं. बफलो शहरात बाटलीबंद औषधं विकून त्यांनी मोठा पैसा कमावला होता. श्रीमंत माणसाची खाजगी शिकारीची जागा असते, तसं हे बेट. १९०८ च्या सुमारास त्यांनी तिथे सांबर आणून सोडली. पुढे मालक बदलले, १९६८ मध्ये बेट राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झालं, पण सांबर राहिली ती राहिलीच.

आता गंमत बघा. याच बेटावर १९९० पासून लाल लांडग्यांच्या जोड्या ठेवून त्यांची पिल्लं वाढवली गेली. लाल लांडगा हा फ्लोरिडाचा अगदी मूळचा प्राणी. पण माणसाने त्याला मारून मारून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच राज्यातून संपवलं होतं. म्हणजे एकाच बेटावर दोन प्राणी, एक परका आणि एक घरचा, आणि दोघांनाही तिथे आणलं ते माणसाने!

म्हणूनच आजचा विषय वाटतो तितका सरळ नाही. 'स्थानिक' आणि 'बाहेरून आलेला' असे दोन कप्पे करून सगळे प्राणी त्यात बसवता येतात का? आणि बसवले, तरी पुढे त्यांचं करायचं काय, हे त्या कप्प्यावरून ठरतं का?

आधी शब्द नीट समजून घेऊ

स्थानिक म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय त्या प्रदेशात आलेला किंवा तिथेच उत्क्रांत झालेला प्राणी. बाहेरचा म्हणजे माणसाने मुद्दाम आणलेला किंवा त्याच्या हातून सुटलेला. तिसरा शब्द आहे 'आक्रमक'. हा शब्द प्रत्येक बाहेरच्या प्राण्याला लागू होत नाही. जो बाहेरून येतो आणि तिथल्या निसर्गाचं, शेतीचं किंवा माणसाच्या आरोग्याचं नुकसान करतो, तोच आक्रमक. म्हणजे 'बाहेरचा' हा शब्द इतिहास सांगतो आणि 'आक्रमक' हा शब्द वागणूक सांगतो. रोजच्या बोलण्यात आपण या दोन्हींची सरमिसळ करतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सांबराचंच घ्या. सेंट व्हिन्सेंटवर तिथलं मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरीणही आहे. अभ्यासात असं दिसलं की सांबर जास्त करून दलदलीत चरतं आणि हरीण कोरड्या, उंच भागात. त्यामुळे दोघांची फारशी मारामारी होत नाही. पण बेटावर वाघ नाही, तेव्हा संख्या आवाक्यात ठेवायला दरवर्षी ठराविक दिवस शिकारीचे परवाने दिले जातात. म्हणजे हा प्राणी बाहेरचा खरा, पण एका बेटापुरता राहिलेला आणि लगाम घातलेला.

घरच्याला वाचवायला पाहुणे आले

फ्लोरिडाचा राज्यप्राणी आहे फ्लोरिडा पँथर. १९८२ मध्ये शाळकरी मुलांच्या मतदानातून तो निवडला गेला. नाव पँथर असलं तरी हा आपला काळा बिबट्या नव्हे, हा प्यूमा. पूर्वी अमेरिकेच्या सगळ्या आग्नेय भागात तो फिरत असे. शिकार झाली, जंगलं तुटली, आणि उरलेले पँथर दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीत अडकून पडले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम वीस-तीस पँथर शिल्लक होते. एवढ्या कमी प्राण्यांत नात्यातल्या नात्यातच पिल्लं होत राहतात, आणि त्याचे परिणाम अंगावर दिसायला लागले होते. शेपटीचं टोक वाकडं, हृदयात दोष, नरांमध्ये प्रजननाच्या अडचणी. प्राणी जिवंत होता, पण आतून संपत चालला होता.

मग १९९५ मध्ये टेक्सासहून आठ प्यूमा माद्या आणून सोडल्या. त्यावर वादही झाला. टेक्सासचं रक्त मिसळलं तर तो 'शुद्ध' फ्लोरिडा पँथर राहील का? यावर जीवशास्त्रज्ञांचं उत्तर असं होतं की पूर्वी हे दोन्ही गट एकमेकांना लागून होते, मिसळत होते. मधली वाट माणसाने तोडली, ती आपण पुन्हा जोडतोय, एवढंच. आठपैकी पाच माद्यांना पिल्लं झाली. काम झाल्यावर जिवंत उरलेल्या माद्या पुन्हा हलवण्यात आल्या. आज प्रौढ पँथरांचा अंदाज १२० ते २३० असा सांगितला जातो. आता त्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं नोंदलेलं कारण आहे रस्त्यावरची वाहनं. त्यासाठी मोठ्या महामार्गांखालून त्यांना जाण्यासाठी भुयारी वाटा केल्या आहेत.

म्हणजे मूळच्या प्राण्याला शुद्धतेच्या हट्टाने वाचवता आलं नसतं. त्याला वाचवायला बाहेरून पाहुणे यावे लागले.

पाचशे वर्षांचं डुक्कर

आता दुसरं टोक. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार टँपा उपसागराच्या परिसरात उतरला. सैन्याला खायला म्हणून त्याने सोबत डुकरं आणली होती. काही सुटली, नंतरच्या वसाहतवाल्यांची आणखी सुटली, आणि आज राज्याच्या सगळ्या ६७ काउंट्यांमध्ये रानटी झालेली डुकरं आहेत. संख्या पाच लाखांच्या वर सांगतात.

यांचं नुकसान डोळ्यांना दिसणारं आहे. जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतात, पिकं उद्ध्वस्त करतात, किनाऱ्यावरच्या कासवांची अंडी खातात. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने त्यांची शिकार वर्षभर करता येते. आक्रमक म्हणायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

पण पँथर खातो काय? मुख्यतः हरीण आणि हीच डुकरं! राज्याच्या सगळ्यात लाडक्या, सगळ्यात धोक्यातल्या प्राण्याचं पोट सगळ्यात बदनाम परक्या प्राण्यावर भरतंय. वर आणखी एक गाठ अशी, की डुकरांमधून येणाऱ्या एका विषाणूने काही पँथर मेलेही आहेत. तर आता सांगा, डुक्कर पँथरचा मित्र की शत्रू? दोन्ही. निसर्गात अशी उत्तरं नेहमीच मिळतात.

जे स्वतःच्या पायांनी आले

काही प्राणी कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाहीत. कायोटी हा साधारण आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला, पश्चिम अमेरिकेतला प्राणी. लांडगे संपले, जंगलाच्या जागी शेती आणि वस्ती आली, आणि कायोटी पूर्वेकडे सरकत सरकत १९७० च्या दशकात उत्तर फ्लोरिडात पोचला. आज तोही सगळ्या ६७ काउंट्यांमध्ये आहे. आला स्वतःच्या पायांनी, पण दार उघडं टाकलं ते माणसाने.

आर्मडिलोची तर दुहेरी कथा. अंगावर चिलखत असलेला, आणि दर वेळी एकाच अंड्यातून चार एकसारखी पिल्लं देणारा हा प्राणी. टेक्सासकडून तो पसरत येतच होता, आणि १९२०-३० च्या दशकांत फ्लोरिडात पाळलेलेही काही सुटले. दोन्ही बाजू मधे भेटल्या. आर्मडिलोंच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू सापडतात, म्हणून त्यांना हाताळू नका असं सांगितलं जातं. पण कुष्ठरोग अमेरिकेत नेला कोणी? युरोपातून गेलेल्या माणसांनी. म्हणजे आर्मडिलोला तो मुळात आपल्याकडूनच मिळाला.

सिल्व्हर स्प्रिंग्जची माकडं

आता पुन्हा आपल्या मातीशी नातं असलेला प्राणी. ऱ्हिसस माकड हे उत्तर भारतातलं. ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या दक्षिणेला त्याची जागा बॉनेट माकड घेतं, म्हणून महाराष्ट्रात आपल्याला ही दोन्ही माकडं दिसतात. फ्लोरिडात सिल्व्हर स्प्रिंग्ज इथे नदीतून बोटीच्या सफरी घडवणारे एक गृहस्थ होते, नाव कर्नल टूई. कर्नल ही पदवी नव्हती बरं का, नावच होतं. १९३८ च्या सुमारास पर्यटकांना मजा वाटावी म्हणून त्यांनी नदीतल्या एका छोट्या बेटावर पाच-सहा ऱ्हिसस माकडं सोडली. पाणी ओलांडून ती जाणार नाहीत असा हिशोब होता. माकडं उत्तम पोहतात, ती लगेच पोहून पलीकडच्या जंगलात गेली. नंतर टूईंनी आणखी काही आणली.

पुढची गोष्ट जरा अस्वस्थ करणारी आहे. वैद्यकीय प्रयोगांसाठी भारतातून ऱ्हिसस माकडांची मोठी निर्यात होत असे, ती भारत सरकारने १९७८ मध्ये बंद केली. इकडे फ्लोरिडात १९८४ ते २०१२ या काळात सुमारे एक हजार माकडं पकडून हलवली गेली, आणि त्यांतली बरीच प्रयोगशाळांकडे गेली. लोकांनी विरोध केल्यावर ते थांबलं. थांबल्यावर संख्या पुन्हा वाढू लागली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या माकडांपैकी साधारण पाव माकडांमध्ये हर्पीस बी विषाणूची लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, आणि काहींच्या लाळेत विषाणूचे अंशही. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला लागण क्वचितच होते, पण झाली आणि उपचार मिळाले नाहीत तर ती बहुधा जिवावर बेतते. या माकडांपासून कुणाला लागण झाल्याची नोंद नाही. तरीही २०१८ पासून फ्लोरिडात मोकळ्या माकडांना खायला घालणं बेकायदा आहे. आपल्याला माकडाला केळं, फुटाणे देण्याची सवय असते, मनात श्रद्धाही असते. टँपा-ऑरलँडोला लेकीकडे, मुलाकडे जाणारे आईवडील हा भाग ऐकतात, म्हणून मुद्दाम सांगते: तिथे पिशवी बंदच ठेवा. खायला मिळालं की माकड माणसाच्या जवळ येतं, जवळ आलं की चावतं, आणि चावलं की शेवटी जीव माकडाचाच जातो.

जे दिसेनासे झाले

एका सरपटणाऱ्या प्राण्याचा उल्लेख टाळता येणार नाही. पाळण्यासाठी आणलेले बर्मी अजगर सुटले किंवा सोडून दिले गेले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत फोफावले. २०१२ च्या एका अभ्यासात तिथल्या रस्त्यांवर रात्री दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची आधीच्या नोंदींशी तुलना केली. रकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलं होतं, ऑपॉसम जवळपास ९९ टक्के, बॉबकॅट ८७ टक्क्यांहून जास्त. ससे तर दिसलेच नाहीत. अजगर इतका बेमालूम लपतो की तो शोधणंच अवघड. म्हणून २०१७ मध्ये तमिळनाडूहून इरुळा समाजातल्या दोन अनुभवी सापपकड्यांना तिकडे बोलावलं. पहिल्या काही दिवसांतच त्यांनी तेरा अजगर पकडून दिले.

मग सगळा दोष बाहेरून आलेल्यांचाच का? नाही. २०२१ मध्ये फ्लोरिडात ११०० मॅनटी मेले. मॅनटी म्हणजे पाण्यातला संथ, गवत खाणारा, शंभर टक्के स्थानिक प्राणी. इंडियन रिव्हर खाडीत सांडपाणी आणि खतं वाहून आली, पाण्यात शेवाळ माजलं, खाली ऊन पोचेना, समुद्री गवत मेलं, आणि मॅनटी उपाशी राहिले. त्या हिवाळ्यात सरकारी कर्मचारी त्यांना लेट्यूसची पानं खायला घालत होते. यात कुठलाही परका प्राणी नाही.

मग कसं ठरवायचं?

माझ्यापुरतं मी असं मांडते. 'हा मूळचा का?' हा प्रश्न जरूर विचारावा, कारण त्याने इतिहास कळतो. पण निर्णय घेताना आणखी तीन प्रश्न हवेत. तो आज तिथे करतो काय? त्याला आवरणारं कोणी आहे का? आणि त्याला हलवलं, तर त्याच्यावर जगणाऱ्यांचं काय होईल? या प्रश्नांना सांबराचं उत्तर वेगळं येतं, डुकराचं वेगळं, माकडाचं वेगळं, अजगराचं तर अगदीच वेगळं. सगळ्यांना एकच शिक्षा किंवा सगळ्यांना एकच माफी, असं करून चालत नाही.

आणि या सगळ्या गोष्टींत एक प्राणी प्रत्येक वेळी हजर आहे. बेट विकत घेणारा, डुकरं आणणारा, लांडगे संपवणारा, माकडं सोडणारा, खाडीत खत सोडणारा, आणि टेक्सासहून माद्या आणून पँथरला वाचवणाराही तोच. फ्लोरिडाच्या सस्तन प्राण्यांची यादी करताना त्याचं नाव वगळलं, तर बाकीच्यांच्या गोष्टी समजत नाहीत.

तुमच्या गावात, तुमच्या भागात बाहेरून आलेला आणि आता घरचाच झालेला एखादा प्राणी असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार.